चीनचा वारसा : ऐकलेला आणि प्रत्यक्षातला

ऑक्टोबर २००३मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती चौदा फेऱ्या मारून परतला, तेव्हा त्याला एक प्रश्न हमखास विचारला गेला : वरून आपली भिंत दिसली का? त्याने सरळ सांगितलं, नाही दिसली. त्या उत्तराने चीनमध्ये मोठी चर्चा झाली आणि भिंत अंतराळातून दिसते असं शिकवणारा शालेय पुस्तकातला मजकूर बदलायचं ठरलं.

हा समज विमानापेक्षाही जुना आहे. विल्यम स्टुकली या इंग्रज पुरातत्त्वप्रेमीने १७५४मध्ये एका पत्रात लिहिलं होतं की, चीनची भिंत चंद्रावरूनही ओळखू येत असेल. पुढे १९३२मध्ये रिप्लेच्या अमेरिकी अजब-गजब सदराने तेच विधान घरोघरी नेलं. माणूस चंद्रावर पोहोचला १९६९मध्ये. भिंतीची रुंदी जेमतेम पाच-सहा मीटर आणि चंद्राचं अंतर सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर, एवढे दोन आकडे शेजारी मांडले की पुढे वाद घालायला काही उरत नाही.

चंद्राची गोष्ट निरुपद्रवी तरी आहे. पर्यटकाचं खरं नुकसान करतो तो दुसरा समज : ही एकच सलग दगडी भिंत असून ती सम्राट छिन शी ह्वांगने दोन हजार वर्षांपूर्वी बांधली. त्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात उत्तर सीमेवरच्या आधीच्या भिंती जोडून घेतल्या हे खरं, पण त्या होत्या धुमसाने ठोकून बसवलेल्या मातीच्या. बीजिंगजवळ बादालिंगला किंवा मुतियान्यूला ज्या विटा-दगडांच्या तटावर उभं राहून लोक फोटो काढतात, तो मिंग राजवटीचा, म्हणजे चौदाव्या ते सतराव्या शतकांमधला. तटबंदी भागाभागांत आहे, कुठे समांतर धावते, कुठे डोंगरकड्यालाच भिंत मानून थांबते. मिंग काळातल्या ८,८५१.८ किलोमीटरपैकी २,२३२.५ किलोमीटर म्हणजे नुसते डोंगर आणि नद्या. सगळ्या राजवटींचं बांधकाम मिळून २१,१९६ किलोमीटर, असा २०१२चा सरकारी आकडा आहे.

हे माहीत असलं की भिंत बघण्याची पद्धतच बदलते. पश्चिमेला कान्सू प्रांतात दुनह्वांगच्या परिसरात हान काळातली भिंत आहे. तिथे दगड नाही, मग बोरू आणि वाळूमिश्रित खडीचे थर एकावर एक रचून ती उभी केलेली आहे. बादालिंगचा तट १९५७मध्ये डागडुजी करून पर्यटकांना खुला झाला, म्हणून तो इतका नीटनेटका दिसतो. मिंग गवंड्यांनी चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळली होती. ऐकताना ही दंतकथा वाटते, पण चिनी संशोधकांनी जुन्या बांधकामांतला चुना तपासून त्यात तांदळाचा स्टार्च असल्याचं सिद्ध केलेलं आहे. भिंतीत मजुरांची प्रेतं चिणली, ही गोष्ट मात्र लोककथेतच राहिलेली बरी. भिंतीच्या पोटात तसे सांगाडे सापडलेले नाहीत, आणि कुजणाऱ्या देहाने तट पोकळ होईल हे कोणत्याही गवंड्याला कळतं.

ढासळलेल्या, झाडोरा वाढलेल्या ‘रानटी’ भिंतीवर कुणीही चढू शकतं, असंही समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ बघून वाटतं. भिंतीच्या संरक्षणाचे नियम डिसेंबर २००६पासून लागू आहेत आणि पर्यटनासाठी खुल्या नसलेल्या भागांवर गर्दी जमवायला त्यांत मनाई आहे. काळजी उगाच नाही. २०२३मध्ये शान्शी प्रांतात दोघांनी जवळची वाट हवी म्हणून खोदयंत्र घालून मातीच्या मिंग तटाला मोठं भगदाड पाडलं. मातीचा तट एकदा फोडला की पुन्हा मिळत नाही.

बीजिंगच्या राजवाड्याबद्दलची ऐकीव माहिती आकड्यांची आहे : ९,९९९ खोल्या आणि वर अर्धी. स्वर्गाच्या सम्राटाच्या महालात दहा हजार, म्हणून पृथ्वीवरच्या सम्राटाच्या महालात थोड्या कमी, अशी ती कथा. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खोली, या चिनी रीतीने मोजणी झाली तेव्हा आकडा आला ८,७०७. १४०६ ते १४२० या काळात बांधलेल्या या वाड्यात मिंग आणि छिंग घराण्यांचे २४ सम्राट राहिले. पण जे दिसतं ते सगळं १४२०चं नाही. मुख्य तीन दरबारगृहं दुसऱ्याच वर्षी वीज पडून जळली आणि नंतरही पुन्हा पुन्हा जळली. त्यांतलं सर्वांत भव्य दरबारगृह आज दिसतं ते सतराव्या शतकाच्या अखेरीस उभं राहिलेलं आहे.

वाडा रिकामा आहे, सगळा खजिना तैवानला गेला, हेही अर्धसत्य. जपानी आक्रमणाच्या भीतीने १९३३मध्ये तेरा हजारांहून अधिक पेट्या दक्षिणेला हलवण्यात आल्या. पुढे गृहयुद्धाच्या शेवटी त्यांतल्या २,९७२ पेट्या तैवानला पोहोचल्या आणि निवड उत्तम झाली होती, यात शंका नाही. तरीही बीजिंगच्या संग्रहात आज अठरा लाखांहून अधिक वस्तू आहेत. ‘रिकामा वाडा’ वाटण्याचं कारण वेगळं आहे. सहलीचे गट दक्षिणेच्या दारातून आत येतात, मधल्या अक्षावरून सरळ चालतात आणि दोन तासांत उत्तरेच्या दाराने बाहेर पडतात. पूर्वेकडच्या रत्नदालनाला आणि घड्याळांच्या दालनाला वेगळं तिकीट आहे, म्हणून ती वगळली जातात. हा खरोखर तोट्याचा सौदा आहे. वस्तू तिथेच आहेत.

शिआनला सापडलेल्या, सम्राट छिन शी ह्वांगच्या मातीच्या सैन्याबाबत तर समजांचा ढीग आहे. मार्च १९७४मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना आठ हजार सैनिक रांगेत उभे सापडले, असं अनेकांच्या मनात चित्र असतं. सुमारे आठ हजार हा अंदाज आहे. त्यांतले दोनेक हजारच आजवर बाहेर काढले गेले आहेत. आणि उभे? छत जळून, कोसळून त्यांचा चुरा झाला होता. पहिल्या खड्ड्यात जे सैन्य ताठ उभं दिसतं, ते तुकडा तुकडा जुळवून उभं केलेलं आहे. खड्ड्याच्या मागच्या बाजूला हे काम चालू असतं, तिथे क्रमांक लावलेले हात, धडं, चिलखताचे तुकडे मांडलेले दिसतात. बहुतेक जण समोरच्या कठड्यावर गर्दी करतात. मागे जावं, कारण एका पुतळ्यामागे किती माणसांचे किती महिने जातात, ते तिथे कळतं. आत खरी माणसं पुरली आणि वरून माती लावली, ही अफवा त्या तुकड्यांकडे पाहूनच मिटते. ते आतून पोकळ आहेत.

त्यांचा मातकट रंगही मूळचा नाही. हे सैनिक लाल, हिरव्या, निळ्या, जांभळ्या रंगांत रंगवलेले होते. रंगाखाली लाखेचा थर होता. दोन हजार वर्षं ओल्या मातीत राहिलेला तो थर कोरड्या हवेत येताच काही मिनिटांत आक्रसून सोलला जातो आणि रंग घेऊन गळून पडतो. उत्खनन सावकाश चालतं त्याचं एक मोठं कारण हेच. तलवारींवर प्राचीन चिनी लोकांनी क्रोमियमचा गंजरोधक मुलामा दिला होता, ही गोष्ट तर मार्गदर्शक अजूनही उत्साहाने सांगतात. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की ते क्रोमियम मुठी, म्यानं अशा भागांवरच्या लाखेतून आलेलं आहे. शस्त्रं टिकली ती मिश्रधातूतल्या कथिलामुळे आणि तिथल्या बारीक, अल्कधर्मी मातीमुळे.

आणि सर्वांत मोठा गोंधळ : हे खड्डे म्हणजे सम्राटाची कबर नव्हे. कबर आहे तिथून सुमारे दीड किलोमीटर पश्चिमेला, झाडांनी झाकलेल्या टेकाडाखाली, आणि ती उघडलेली नाही. चिनी लोक शापाला घाबरतात म्हणून उघडत नाहीत, असं सांगणारे भेटतात. खरं कारण बीजिंगच्या उत्तरेला दिंगलिंगमध्ये बघायला मिळतं. १९५६मध्ये तिथे मिंग सम्राट वानलीची कबर खोदायला घेतली गेली. आतून तीन हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. रेशमी वस्त्रं जपण्याचं तंत्र हाताशी नव्हतं. ती काळी पडली, कडक झाली. १९६६मध्ये सांस्कृतिक क्रांतीतल्या रेड गार्ड्सनी सम्राटाचे आणि त्याच्या दोन राण्यांचे अवशेष बाहेर ओढून जाळले. आज भूमिगत दालनात दिसणाऱ्या लाल शवपेट्या प्रतिकृती आहेत. त्या अनुभवानंतर चीनने सम्राटांच्या कबरी मुद्दाम खोदायच्या नाहीत हे धोरण धरलं. छिन शी ह्वांगच्या टेकाडाजवळ जाऊन ‘काहीच नाही’ म्हणून परतणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचलेला असला, तर ते टेकाड त्यांना रिकामं वाटणार नाही.

शिआनमध्येच मराठी पर्यटकाने मुद्दाम थांबावं अशी एक जागा आहे : मोठ्या रानहंसाचा स्तूप. चिनी भिक्षू ह्युएन त्संगाने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवण्यासाठी ६५२मध्ये तो बांधला गेला. आठव्या शतकाच्या सुरुवातीला तो नव्याने उभारला गेला आणि बाहेरचं विटांचं आवरण त्याहूनही नंतरचं आहे. हाच ह्युएन त्संग साधारण ६४१मध्ये महाराष्ट्रात आला होता. पुलकेशी दुसऱ्याच्या राज्याचं आणि डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं त्याने वर्णन केलं. तो विहार अजिंठा असावा असं अभ्यासक मानतात, कारण त्याने ज्या अचल नावाच्या अर्हताचा उल्लेख केला, ते नाव अजिंठ्याच्या २६व्या लेण्यातल्या शिलालेखात आहे.

अजिंठा पाहिलेल्यांना दुनह्वांगच्या मोगाओ लेण्यांची ओढ वाटणं साहजिक आहे. फक्त तिकीट काढलं की ४९२ चित्रित लेणी हिंडता येतात, ही अपेक्षा घेऊन जाऊ नये. श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड भित्तिचित्रांना बाधतात, म्हणून रोजची संख्या ठरलेली आहे. नेहमीच्या तिकिटात आधी दोन चित्रपट आणि मग मार्गदर्शकासोबत आठ लेणी असतात. आत फोटो काढता येत नाहीत. १९००मध्ये इथल्या एका भिंतीआड हजारो हस्तलिखितं सापडली. त्यांतली बरीच ऑरेल स्टाइन आणि पॉल पेलिओ या युरोपीय संशोधकांनी अल्प मोबदल्यात नेली. ८६८ सालचं छापील वज्रसूत्र त्यामुळे लंडनला आहे.

पेलिओने लेण्यांचे फोटोही काढले होते, आणि त्यातून एक वेगळाच समज खोटा ठरला. चीनमधली लाकडी देवळं सगळी नवी, थांग काळातलं लाकडी बांधकाम पाहायचं तर जपानमध्ये नाराला जा, असं १९३०च्या दशकात जपानी अभ्यासक म्हणत. वास्तुतज्ज्ञ लियांग सचंग आणि त्यांच्या पत्नी लिन ह्वीयिन यांना मोगाओच्या ६१व्या लेण्याच्या फोटोत वुताय पर्वतावरच्या मठांचा चितारलेला नकाशा दिसला. त्यात एका मठाचं नाव होतं फोग्वांग. १९३७च्या उन्हाळ्यात ते खेचरांवरून तिथे पोहोचले. छताखालच्या काळोखात वटवाघळं आणि ढेकूण सोसत त्यांनी मोजमापं घेतली. तुळईवरची पुसट शाईची अक्षरं लिन ह्वीयिन यांच्या नजरेस पडली. त्यांत देणगीदार स्त्रीचं नाव होतं, आणि तेच नाव अंगणातल्या दगडी स्तंभावरही ८५७ या थांग काळातल्या वर्षासह होतं. हा शोध लागतो न लागतो तोच जपानशी युद्ध पेटलं. फोग्वांगचं हे लाकडी सभागृह आजही उभं आहे, गर्दीही बेताची असते.

उलट टोकाचं उदाहरण वुहानचा पिवळ्या सारसाचा मनोरा. परंपरा त्याचा आरंभ २२३मध्ये सांगते. १८८४मध्ये तो जळला, मूळ जागेवर १९५७मध्ये यांगत्सेचा पूल आला, आणि आजची काँक्रीटची, लिफ्ट असलेली इमारत सुमारे किलोमीटरभर दूर १९८५मध्ये उघडली. ती ‘नकली’ म्हणून हिणवण्याचं कारण नाही. हा मनोरा शतकानुशतकं पडत आणि पुन्हा बांधला जात आला. मात्र ती पाहून चीनच्या साऱ्या वारशाला नवं ठरवणं चूक, आणि तिलाच प्राचीन समजून फोटोखाली तसं लिहिणंही.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. दारात जाऊन तिकीट काढू, हे बीजिंगच्या राजवाड्यात चालत नाही. पासपोर्ट क्रमांक देऊन आधी आरक्षण करावं लागतं, आणि सोमवारी सहसा तो बंद असतो. परदेशी कार्ड निरुपयोगी, ही माहिती जुनी झाली. २०२३पासून अलीपे आणि वीचॅटला परदेशी बँकांची कार्डं जोडता येतात. शाकाहारी माणूस उपाशी राहतो, असंही नाही. बौद्ध मठांच्या भोजनगृहांत मांसच काय, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन प्रवाशांचीही बरीचशी सोय होते. शांघायचं कुंगतलिन हे शाकाहारी उपाहारगृह १९२२पासूनचं आहे. साध्या हॉटेलातल्या भाजीत मात्र चरबी किंवा खिमा असू शकतो, तेव्हा विचारून घ्यावं.

तारखांची निवड सर्वांत महत्त्वाची. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनापासूनच्या आठवडाभराच्या सुटीत सगळा चीन प्रवासाला निघतो आणि बादालिंगवर पाऊल टाकायला जागा नसते. दसरा त्या दिवसांत येत असेल, तर ती सुटी सोडून दिवाळीची निवडावी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बीजिंगची हवा कोरडी आणि स्वच्छ असते, आणि स्थानिक गर्दी ओसरलेली असते.