संगणकाचा स्थिर पत्ता : योजना आणि परीक्षण

नेटवर्कला जोडलेल्या संगणकास आपला पत्ता दोन रीतींनी प्राप्त होतो. पहिल्या रीतीत संगणक सुरू होताच डी.एच.सी.पी. सर्व्हरकडे पत्त्याची मागणी करतो व ठराविक मुदतीपुरता एक पत्ता त्यास दिला जातो. दुसऱ्या रीतीत व्यवस्थापक स्वतः पत्ता निश्चित करून तो संगणकात लिहून ठेवतो; हाच स्थिर पत्ता होय. ग्रंथालयातील वाचकांच्या संगणकांना पहिली रीत पुरेशी आहे, कारण त्यांना शोधीत कोणी येत नाही. परंतु ज्या संगणकाकडे प्रयोगशाळेतील उपकरणे रात्रभर आपली मापने पाठवीत असतात, त्याचा पत्ता वीज जाऊन आल्यावर बदलला तर चालत नाही. त्यातही मापने यू.डी.पी. पद्धतीने जात असतील तर पोच घेण्याची सोयच त्या पद्धतीत नसते. उपकरण पाठवीत राहते, घेणारा कोणी नसतो, आणि हानी दुसऱ्या दिवशी ध्यानात येते.

१९८१ साली निश्चित झालेल्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे पत्ता ३२ बिटांचा असतो व तो चार संख्यांनी लिहितात. उदाहरणासाठी १९२.१६८.१०.५७ हा पत्ता घेऊ. संस्थांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी तो एक आहे. पत्त्याबरोबर आणखी तीन गोष्टी लिहाव्या लागतात : सबनेट मास्क, गेटवेचा पत्ता आणि नावांवरून पत्ते सांगणाऱ्या डी.एन.एस. सर्व्हरचा पत्ता. येथे मास्क २५५.२५५.२५५.० व गेटवे १९२.१६८.१०.१ असा धरला आहे.

निवडलेला पत्ता दुसऱ्या कोणाचा नाही, ही खात्री प्रथम करावयास हवी. यासाठी पुष्कळ जण त्या पत्त्यास पिंग करून पाहतात व उत्तर न आल्यास तो मोकळा समजतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. अनेक संगणकांची फायरवॉल पिंगला उत्तर देऊ देत नाही. याउलट, त्याच नेटवर्कवर 'हा पत्ता कोणाचा?' अशी जी ए.आर.पी. पृच्छा होते तिला उत्तर दिल्यावाचून सामान्य संगणकास व्यवहारच करता येत नाही. म्हणून 'आर्पिंग' या साधनाने केलेली चौकशी अधिक विश्वसनीय ठरते. अशा चौकशीची रीतसर पद्धत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आर.एफ.सी. ५२२७ मध्ये सांगितली असून तीत एक ते दोन सेकंदांच्या अंतराने तीन पृच्छा करावयाच्या असतात. अर्थात् बंद असलेला संगणक याही पृच्छेस उत्तर देणार नाही. सबब डी.एच.सी.पी. सर्व्हर ज्या पट्ट्यातून पत्ते वाटतो त्या पट्ट्याबाहेरचाच पत्ता घ्यावा आणि दिलेल्या पत्त्यांची नोंदवही ठेवावी. नोंदवही हे साधन जुनाट वाटेल, पण तिची जागा घेणारे दुसरे काही नाही.

सर्वांत फसवी चूक मास्कची होय. पत्त्याचा कोणता भाग नेटवर्काचा व कोणता संगणकाचा, हे मास्क सांगतो. त्यावरूनच समोरचा संगणक शेजारी आहे की गेटवेमार्फत गाठावयाचा, हे ठरते. २५५.२५५.२५५.० ऐवजी चुकून २५५.२५५.०.० लिहिले गेले, असे समजू. आपल्या दालनातील सर्व संगणक भेटतात, गेटवे भेटतो, बाहेरचे इंटरनेटही चालते. मात्र त्याच संस्थेच्या दुसऱ्या इमारतीतील १९२.१६८.२०.१५ हा संगणक आता 'शेजारी' ठरतो. त्यास गेटवेकडून न गाठता थेट ए.आर.पी. पृच्छेने हाक मारली जाते, आणि ती हाक राउटर ओलांडीत नसल्याने उत्तर येत नाही. तिकडून आलेले संदेश येथे पोचतात, पण त्यांची उत्तरे परत जात नाहीत. म्हणून दोष केबलला किंवा पलीकडच्या संगणकाला दिला जातो. लिनक्समध्ये याची एक खूण दिसते : पिंग केल्यावर 'यजमान अप्राप्य' या अर्थाचा संदेश येतो, आणि तो पाठविणाऱ्याचा पत्ता म्हणून आपलाच पत्ता छापलेला असतो. तो पलीकडचा संगणक चालू असूनही असे घडत असेल, तर मास्क तपासावा.

पत्ता लिहिण्याची कृती तशी अल्प आहे. डेबियनच्या पारंपरिक व्यवस्थेत तो 'इंटरफेसेस' नावाच्या फाइलमध्ये लिहितात. 'आयपी' या आज्ञेने दिलेला पत्ता तत्काळ लागू होतो, परंतु संगणक पुन्हा सुरू होताच नाहीसा होतो. दूरस्थ संगणकाचा पत्ता बदलताना विशेष सावधगिरी हवी, कारण चूक झाल्यास ती दुरुस्त करण्याचा मार्गही त्याच चुकीने बंद होतो. उबंटूतील 'नेटप्लॅन ट्राय' ही आज्ञा या दृष्टीने उपयुक्त आहे. १२० सेकंदांत संमती न दिल्यास ती पूर्वीची मांडणी परत आणते.

परीक्षणाचा क्रम जवळून दूर असा असावा. त्यासाठीचे पिंग हे साधन माइक म्यूस यांनी अमेरिकेत डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या सोनारच्या ध्वनीवरून त्याचे नाव पडले. स्वतःच्याच पत्त्यास केलेले पिंग यशस्वी झाले तरी हुरळून जाऊ नये. तो संदेश केबलपर्यंत जातच नाही. खरी पहिली परीक्षा गेटवेची. त्यानंतर संस्थेच्या दुसऱ्या सबनेटमधील एक संगणक, मग बाहेरचा एखादा पत्ता अंकांनी, आणि शेवटी तोच व्यवहार नावाने करून पाहावा. अंकांनी पोचते पण नावाने पोचत नाही, तर दोष डी.एन.एस.च्या नोंदीत आहे.

एवढ्याने सर्व परीक्षा बाहेर जाणाऱ्या संदेशांची झाली. ज्या संगणकाकडे इतरांनी यावयाचे, त्याकडे दुसऱ्या इमारतीतून, प्रत्यक्ष उपकरणाच्याच जागेवरून येऊन पाहिले पाहिजे. त्यानंतर संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा व हीच चाचणी पुन्हा घ्यावी. ती उतरल्यावरच पत्ता नोंदवहीत शाईने लिहावा आणि उपकरणे जोडावीत.