पळसदरीहून सभेला

दारू सोडायचं ठरलं की आपल्याकडे माणूस आधी देवापाशी जातो. कर्जतजवळच्या पळसदरीत तर स्वामी समर्थांचा मठच आहे. कुणी स्वामींपुढे शपथ घेतो, कुणी पंढरीची माळ घालतो. माळेने ज्यांची दारू कायमची सुटली अशी माणसं गावोगावी भेटतात, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण शपथ असते जन्माची. ती मोडली की माणूस देवापुढे जायचं टाळतो, मग बायकोची नजर टाळतो, आणि त्या लाजेपायीच पुन्हा गुत्ता गाठतो. शपथ मोडलेल्या माणसालाही ज्या खोलीत खुर्ची मिळते, त्या सभेची ही ओळख.

‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, बोलीत ‘एए’. तिचा उगम १९३५ सालचा, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावातला. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस काही महिन्यांपूर्वीच दारूतून सुटला होता. धंद्याचं काम फसलं आणि तो हॉटेलात एकटाच उरला. समोर बार. आपण आता पिणार, हे त्याला कळून चुकलं. मग त्याने चर्चच्या यादीतून नंबर काढून फोन लावायला सुरुवात केली. त्याला उपदेशक नको होता, दारूशी झगडणारा दुसरा माणूस हवा होता. त्या धडपडीतून डॉ. बॉब स्मिथ भेटले. पाव तास बसू म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत राहिले. त्याच वर्षी १० जूनला त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस एएचा स्थापना दिवस ठरला. भारतात ही सभा १९५७ पासून भरते.

आत काय चालतं? बहुधा शाळेचा वर्ग किंवा चर्चची खोली, बाकं, चहा. अध्यक्ष म्हणून त्या दिवशी कुणीही एक सभासद बसतो. बोलणारा आपलं पहिलं नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो, आणि स्वतःवर गुदरलेलं सांगतो: पगाराच्या दिवशी घरी न पोचलेले पैसे, मुलीच्या शाळेत झालेली शोभा, पहाटे हात थरथरत असताना शोधलेली बाटली. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. ज्याला बोलायचं नाही तो नुसता ऐकतो. फी नाही, झोळी फिरते, ऐपत असेल तर टाकायचं. बाहेरची देणगी एए घेत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. आणि उद्याचं वचन कुणी मागत नाही, फक्त आजचा दिवस प्यायचं नाही. ‘स्लिप’ झालेला, म्हणजे पुन्हा प्यायलेला, परत आला तर त्याला चहा मिळतो आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू होते. शपथेत नसलेली ही परतीची वाट हेच या सभेचं सगळ्यात मोठं बळ आहे, असं माझं मत आहे.

आता पळसदरीच्या माणसाने जायचं कुठे? इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवर राबणाऱ्या पोराच्या हाताशी शनिवार-रविवारी दारू असतेच, आणि सोडली तर चर्चा गावभर. म्हणून दुसऱ्या गावची सभा गाठण्यात काही गैर नाही. पळसदरी हे कर्जतहून खोपोलीकडे जातानाचं पहिलंच स्टेशन. कर्जतला उतरलं की बदलापूर, कल्याण, मुंबईची लाइन मोकळी. अडचण परतीची. खोपोली लोकल ठरावीक वेळीच असतात, तेव्हा सभेची वेळ विचारतानाच परतीच्या गाडीचा हिशोब करावा. एएचं देशाचं सेवा कार्यालय मुंबईत आहे. तिथे सभांची ठिकाणं कळतात. ‘खुली’ सभा आहे का ‘बंद’, तेही विचारून घ्यावं. खुल्या सभेला घरचे सोबत येऊ शकतात, बंद सभा फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. पावसाळ्यात घराबाहेर पडणं झालं नाही, तर फोनवरच्या ऑनलाइन सभाही आहेत.

घरच्यांनाही आधार लागतोच. त्यांच्यासाठी ‘अल-अनॉन’ची वेगळी सभा असते. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने तर हे फार आधी ओळखलं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर १९८६ मध्ये ते केंद्र सुरू केलं. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, आणि उपचार संपल्यावर माणूस एकटा पडू नये म्हणून गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका. बायकाही पितात. त्यांच्यासाठी सभेचं दार तितकंच उघडं आहे, पण आपल्याकडे त्यांना तिथवर येऊ दिलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

सभा म्हणजे दवाखाना नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आधी सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना भेटा, मग सभा.

घरात कुणी पीत असेल, किंवा तुम्ही स्वतः पीत असाल, तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन मोफत आहे. जवळची सभा विचारा आणि या आठवड्यात एकदा जाऊन बसा. पहिल्या दिवशी बोलावं लागत नाही.