तीन छाप, एकच भाव

टॉर्चचा सेल घ्यायला गिऱ्हाईक दुकानात येते. समोर तीन कंपन्यांचा माल मांडलेला असतो आणि तिन्हींचा भाव जवळपास सारखा. "कोणताही द्या," असे गिऱ्हाईक म्हणते. भाव सारखा असणे हा काही गुन्हा नव्हे. चुरशीच्या बाजारातही भाव एकमेकांच्या जवळ येतातच. पण तो चढाओढीतून जवळ आला की आपसात ठरवून, हा खरा प्रश्न आहे.

सेलच्या बाबतीत तो ठरवूनच झाला होता. एव्हरेडी, निप्पो छापवाली इंडो नॅशनल आणि पॅनासोनिक या तीन कंपन्यांनी २००९ पासून ऑगस्ट २०१६ पर्यंत संगनमत केले, असा निकाल भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये दिला. रीत साधी होती. एकाने आधी भाव वाढवायचा आणि बाकीच्यांनी "त्यांनी वाढवला म्हणून आम्हीही" असे म्हणत मागे जायचे. भेटीगाठींना उत्पादकांच्या संघटनेचा आडोसा होताच.

अशी मंडळी कुठे जमते? विकणारे मोजके, माल सगळ्यांचा सारखा आणि नव्या माणसाला धंद्यात शिरणे अवघड, अशा ठिकाणी. शंभर दर्जींनी शिलाईचा दर बांधला तरी एकशेएकावा चार रुपये कमी घेतोच. तिघांचे मात्र जमते. २०१२ मध्ये सिमेंटच्या ११ कंपन्यांना आयोगाने सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेथेही हेच चित्र होते. ते प्रकरण पुढे अपिलांत गेले आणि २०१६ मध्ये आयोगाला नव्याने आदेश द्यावा लागला. घर बांधणाऱ्याने आणि लहान ठेकेदाराने मात्र गोणीचे पैसे त्या त्या दिवशी रोख मोजलेले होते.

आता गंमत पाहा. सेलवाल्यांचे बिंग बाहेरच्या कोणी फोडले नाही, आतल्यानेच फोडले. साखळीत सामील असलेला जो पहिला येऊन सर्व पुरावा देईल, त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो, अशी तरतूद कायद्यात आहे. पॅनासोनिकने ती वाट धरली आणि तिचा दंड माफ झाला. एव्हरेडीवर मात्र १७१ कोटींहून अधिक दंड बसला. ज्याच्याशी हातमिळवणी केली तोच उद्या आधी आयोगाचे दार ठोठावील, ही धास्ती साखळीतल्या प्रत्येकाला असते.

हे सारे मोठ्यांचे, आपला काय संबंध, असे आमच्या वाचकांनी समजू नये. गोव्यातील औषधविक्रेत्यांच्या संघटनेवरही २०१२ मध्येच आयोगाने कारवाई केली. संघटनेच्या संमतीपत्राशिवाय औषध कंपनीने नवा स्टॉकिस्ट नेमू नये, असा तेथे दंडक होता. ही माणसे आपल्यासारखीच व्यापारी. नव्याला आत येऊ न देणे, यालाच ते एकी समजत होते.

आपल्या बाजारपेठांतून संघटना आहेत आणि त्या असाव्यात. कराची अडचण, पालिकेचा त्रास, कारागिरांचे शिक्षण यासाठी एकत्र येण्याला कायद्याची आडकाठी नाही. पण बैठकीत "उद्यापासून यापेक्षा कमी घ्यायचे नाही, जो घेईल त्याचा माल बंद" असा ठराव झाला आणि आपण खाली सही केली, की प्रकरण वेगळे होते. दंड संघटनेपुरता राहत नाही, पदाधिकाऱ्यांपर्यंतही पोहोचू शकतो. अशा ठरावाला बैठकीतच विरोध करावा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यावा, असे आम्ही सुचवू.

दीनच्या दृष्टीनेही ही गोष्ट नवी नाही. भाव चढवण्यासाठी माल दाबून ठेवणे, म्हणजे इहतिकार, निषिद्ध आहे हे सर्वांना ठाऊक असते. बाहेरगावच्या काफिल्याला बाजारात पोहोचण्याआधी वाटेतच गाठून माल उचलण्याची मनाई मात्र आपण विसरतो. प्रेषित (सल्ल.) यांनी ती केली. माल आणणाऱ्याला बाजारातला खरा भाव कळण्याचा हक्क आहे, हे त्यामागचे कारण. बंद खोलीत ठरलेला भाव हा हक्क गिऱ्हाइकाकडून आणि छोट्या दुकानदाराकडून काढून घेतो.

सूत, रंग, चामडे किंवा पत्रा विकणाऱ्या मोजक्या बड्या पुरवठादारांनी एकाच आठवड्यात सारखीच वाढ केली, तर तारखांसह बिले आणि दरपत्रके जपून ठेवावीत. आयोगाकडे तक्रार कोणालाही करता येते. फी भरावी लागते, नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा जुनी बिले रद्दीत घालण्याची घाई करू नये.