कोटा देशाचा, नेम खेळाडूचा

ऑक्टोबर 2022 मध्ये कैरो येथे दहा मीटर एअर रायफलचे जगज्जेतेपद ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील या अठरा वर्षांच्या युवकाने पटकाविले, तेव्हा वर्तकनगरापासून कोपरीपर्यंत साऱ्या शहराला त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच होते. या प्रकारात हा मान त्यापूर्वी एकाच भारतीयाला, 2006 साली अभिनव बिंद्राला, लाभला होता. त्या विजयाबरोबर पॅरिस ऑलिंपिकमधील एक जागा, क्रीडाजगतात जिला ‘कोटा’ म्हणतात ती, भारताच्या पदरात पडली. परंतु 2024 साली प्रत्यक्ष पॅरिसला गेले ते दुसरेच नेमबाज. हा अन्याय होय काय? उत्तर देण्यापूर्वी हा खेळ समजून घ्यावयास हवा.

नेमबाजी म्हटली की आपल्याकडे अद्याप जत्रेतील फुगे तरी आठवतात, नाही तर पोलिसांची कवायत. दहा मीटर हे अंतर तसे फार नव्हे. वर्तकनगरातील एखाद्या शाळेच्या व्हरांड्यातही ते मावेल. पण लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचा ठिपका असतो अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. त्यावर सोडावयाचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद! साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल उभ्याने पेलून, सव्वा तासात असे साठ छर्रे सोडावयाचे. श्वास किंचित रोखून, चाप दाबणाऱ्या बोटाखेरीज सारे शरीर निश्चल ठेवावयाचे. प्रत्येक नेमाला जास्तीत जास्त 10.9 गुण असतात आणि पहिले आठ जण अंतिम फेरीत जातात.

दशांशांचे हे गणित किती निष्ठुर असते, ते पॅरिसमध्येच दिसले. अर्जुन बबुता 630.1 गुणांनिशी सातवा येऊन अंतिम फेरीत पोहोचला आणि तेथे चौथा आला. त्याचा सहकारी संदीप सिंग याचे गुण 629.3. फरक आठ दशांशांचा. पण क्रमांक बारावा, आणि स्पर्धा तेथेच संपली.

अशा खेळात दीड वर्षापूर्वीच्या पराक्रमाला किती किंमत द्यावी? नियम स्पष्ट आहे. कोटा मिळतो तो देशाला, व्यक्तीला नव्हे. कोणाला पाठवावे हे देशाने ठरवावयाचे. आपल्याकडे ते 2024 च्या उन्हाळ्यात दिल्ली व भोपाळ येथील निवड चाचण्यांवरून ठरले आणि तेथे रुद्रांक्षला पहिल्या दोघांत स्थान मिळाले नाही. त्या दोघांऐवजी तो गेला असता तर पदक आले असते, असे छातीठोकपणे सांगणारे पुढे पुष्कळ निघाले. ते अर्थातच कोणालाच सांगता येणार नाही.

त्याच कैरोमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनेही पन्नास मीटर रायफलमध्ये चौथे येऊन देशाला कोटा मिळवून दिला होता. मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणाऱ्या, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या या नेमबाजाने चाचण्यांतूनही आपले स्थान राखले आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधवांच्या 1952 मधील पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे जो नियम ठाण्याला कठोर वाटला, तोच कांबळवाडीला आड आला नाही.

तेव्हा चाचणीची पद्धत चुकीची म्हणता येणार नाही. मात्र तिचे निकष पुरेसे आधी जाहीर व्हावेत आणि मध्येच बदलू नयेत, एवढी अपेक्षा खेळाडूंनी बाळगली तर ती वाजवीच ठरेल. या खेळात लाखांच्या घरात किंमत असलेली परदेशी रायफल घेऊन देणारे पालकही आपल्या मुलाचे पाच-सहा वर्षांचे आयुष्य अशाच एका आठवड्याच्या हवाली करीत असतात.

रुद्रांक्षने रायफल खाली ठेवली नाही. एप्रिल 2025 मध्ये ब्यूनोस आयर्सच्या विश्वचषक स्पर्धेत, याच दहा मीटर प्रकारात, तो पुन्हा पहिला आला.