घर आणि प्राप्तिकर : मुदत टळली तरी तोटा बुडत नाही

या आठवड्यात नव्या करप्रणालीचा अध्याय उघडण्याचे आश्वासन दिले होते. परंतु नाशिकच्या एका वाचकभगिनींचे पत्र मध्येच येऊन ठेपले, आणि त्यातील शंका माझ्या इतक्या आवडत्या विषयाला हात घालणारी निघाली की तिला डावलून पुढे जाणे माझ्याच्याने होईना.

या बाई नोकरदार असून कर्ज काढून घेतलेली पुण्यातील सदनिका त्यांनी भाड्याने दिली आहे. 2022-23 या आर्थिक वर्षाचा त्यांचा हिशेब असा : सालीना भाडे 2,40,000 रुपये, त्यातून भरलेली घरपट्टी 15,000 वजा जाता उरले 2,25,000, त्यावर तीस टक्क्यांची सरसकट वजावट 67,500, म्हणजे बाकी 1,57,500, आणि कर्जावरील व्याज मात्र 4,80,000. तोटा झाला 3,22,500 रुपयांचा. पैकी दोन लाख, कलम 71(3अ) च्या मर्यादेनुसार, त्याच वर्षीच्या पगारातून वळते झाले, व 1,22,500 पुढे ओढायचे राहिले. परंतु 31 जुलै 2023 ची मुदत हुकली, रिटर्न नोव्हेंबरात दाखल झाले, आणि त्यांच्या सल्लागारांनी निकाल देऊन टाकला की मुदत टळली, सबब तोटा बुडाला.

हा निकाल मला मान्य नाही. उशिराच्या रिटर्नमुळे तोटा पुढे ओढण्याचा हक्क हिरावून घेणारे कलम 80 हे आपला अंमल कोणकोणत्या तोट्यांवर चालतो ते नावनिशीवार सांगते : व्यापारधंद्यातील तोटा, सट्ट्याचा तोटा, काही विनिर्दिष्ट व्यवसायांचा तोटा, भांडवली तोटा, इतकेच काय, पण शर्यतीचे घोडे बाळगणाऱ्या धनिकाचा तोटादेखील त्या यादीत आहे, आणि घरभाड्याचा तोटा पुढे नेऊ देणारे कलम 71ब मात्र तीत कोठेही नाही. कायद्याने घोड्यांची आठवण ठेवावी आणि घरमालकास मोकळे सोडावे, ही गोष्ट मला आजही मौजेची वाटते. अर्थात रिटर्न उशिरा भरले तरी चालते, याचा अर्थ ते न भरले तरी चालते असा कोणी काढू नये.

तेव्हा या बाईंचे 1,22,500 रुपये सुरक्षित आहेत. करनिर्धारण वर्ष 2024-25 पासून 2031-32 पर्यंत, अशी आठ वर्षे, ते घरापासून होणाऱ्या उत्पन्नातून, आणि केवळ त्यातूनच, वजा करता येतील. मधल्या काळात सदनिका विकली तर काय, असेही त्यांनी विचारले आहे. तेच घर मालकीचे राहिले पाहिजे अशी अट कलम 71ब मध्ये नाही, त्यामुळे दुसऱ्या घराच्या भाड्यातून हा तोटा वळता करता येईल. विक्रीच्या नफ्यातून मात्र नाही, कारण तो भांडवली नफ्याच्या सदरात जातो.

एक दप्तरी सूचना. असा तोटा पुढे न्यावयाचा असेल तर ‘सहज’ हा नमुना चालत नाही. वरचा नमुना घेऊन त्यातील पुढे ओढलेल्या तोट्यांच्या परिशिष्टात वर्षवार रक्कम दाखवावी लागते, आणि कलम 143(1) खाली येणारे सूचनापत्र त्याच्याशी ताडून पाहून जपून ठेवावे लागते. अनेकजण त्यातील परताव्याचा आकडा तेवढा पाहतात व कागद टाकून देतात.

मात्र याच बाईंनी पुढील वर्षीही असाच विलंब केला असेल, तर गोष्ट निराळी. करनिर्धारण वर्ष 2024-25 पासून नवी प्रणाली हीच मूळ प्रणाली ठरली असून, धंद्याचे उत्पन्न नसलेल्या नोकरदारास जुनी निवडावयाची झाल्यास ती मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडावी लागते. आणि नव्या प्रणालीत घराचा तोटा पगारातून एक रुपयाही वळता होत नाही. म्हणजे कलम 80 ने जे हिरावले नाही त्यातील मोठा वाटा दुसऱ्याच दाराने जातो. त्या दाराची हकीकत पुढील आठवड्यात सविस्तर सांगेन. तोवर ज्यांचे घर भाड्याने आहे व व्याज भाड्याहून मोठे आहे, त्यांनी यंदाचे रिटर्न मुदतीच्या आत भरावे.