बिनसहीचा फॉर्म्युला

केस काळे करायच्या कुठल्याही डायचं खोकं उलटून बघा. एका कडेला, भिंग लावूनच वाचावा अशा टायपात, एक इशारा असतो. यातल्या घटकांमुळे काहींच्या त्वचेची आग होऊ शकते, तेव्हा आधी थोडं लावून पाहा. भुवया आणि पापण्यांना हे लावू नका, दृष्टी जाऊ शकते. हा मजकूर इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापावा, असं आपल्या नियमांत बंधन आहे. पण तो आपल्याकडे कुणी बसून लिहिलेला नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यातून तो जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे.

तिथे १९३३ च्या सुमारास ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या रंगवायचा डाय सौंदर्यगृहांत मिळत होता. त्यात पॅराफेनिलिनडायअमिन होतं. काही स्त्रियांचे डोळे सुजले, एकीची दृष्टी गेली, एक दगावली. सरकारला तो माल बाजारातून उचलता येईना, कारण १९०६ चा कायदा फक्त अन्न आणि औषधांपुरता होता. १९३८ मध्ये प्रसाधनं कायद्यात आली आणि ‘लॅश ल्युअर’ जप्त झाला. पण त्याच कायद्यात एक पळवाट ठेवली गेली. डांबरापासून काढलेल्या रंगांच्या केशडायवर हा इशारा छापलेला असला, की तो त्रासदायक आहे म्हणून कारवाई करता येणार नाही. म्हणजे ज्याला आपण ग्राहकाचं संरक्षण समजतो, तो मजकूर मुळात उत्पादकाला मिळालेल्या सवलतीची किंमत आहे.

भारतातल्या प्रसाधनांच्या नियमनाचा मागोवा घेताना हाच अनुभव पुन:पुन्हा येतो. अपघात दुसरीकडे होतो, मसुदा वकील लिहितात, भांडण करावरून होतं; आणि ज्याने ते मिश्रण घोटलं, तो रसायनतज्ज्ञ कुठेच दिसत नाही.

कायदा यायच्या कितीतरी आधी हा धंदा मुंबईत रुजला होता. ई. एस. पाटणवाला यांची ‘अफगाण स्नो’ ही क्रीम १९१९ ची. त्या काळात क्रीमची कृती मालकाच्या वहीत, फार तर त्याच्या डोक्यात असे. वॅनिशिंग क्रीम म्हणजे स्टिअरिक आम्ल, थोडा अल्कली, पाणी, ग्लिसरीन आणि वास. खरी हातोटी तापमानात आणि घुसळण्यात. ‘कॉस्मेटिक केमिस्ट’ म्हणून वेगळं शिक्षण नव्हतंच. साबण, तेलं, रंग, अत्तरं यांतली माणसं इकडे वळत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. पुढे माटुंग्याला गेलेली ही यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी. तिथल्या तेल विभागातून आणि नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या मुलांनी पुढे साबणाचे आणि क्रीमचे कारखाने चालवले. पाउचर आणि हॅरी यांचे इंग्रजी ग्रंथ हे त्यांचं पाठ्यपुस्तक, आणि बहुतेकदा संदर्भासाठी हाताशी असलेलं एकमेव साधन.

परदेशात ही मंडळी संघटित होत होती. न्यूयॉर्कमध्ये १९४५ साली सोसायटी ऑफ कॉस्मेटिक केमिस्ट्स निघाली, १९५९ मध्ये ब्रुसेल्सला अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ झाला. आपल्याकडेही इंडियन सोसायटी ऑफ कॉस्मेटिक केमिस्ट्स झाली, मुंबईतच. व्याख्यानं होतात, परिषदा भरतात, कच्च्या मालाचे पुरवठादार स्टॉल लावतात. पण धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाशी किती मोकळं बोलणार? फॉर्म्युला ही कंपनीची मालमत्ता. समोरच्या खुर्चीवर प्रतिस्पर्ध्याचा माणूस बसलेला. गप्पा मग प्रिझर्व्हेटिव्हच्या नव्या जातीवर होतात, स्वतःच्या फसलेल्या बॅचवर होत नाहीत.

१९४० च्या औषध कायद्यात प्रसाधनं आली ती १९६२ च्या दुरुस्तीने. कायद्याचं नाव बदलून ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम’ झालं खरं, पण प्रसाधनं त्यात शेपटासारखी जोडली गेली. व्याख्येतून साबण सुरुवातीला चक्क वगळलेला होता. तो आत यायला १९८२ ची दुरुस्ती उजाडली. देशातलं सर्वात जास्त वापरलं जाणारं प्रसाधन वीस वर्षं प्रसाधनच नव्हतं! नियमांना परिशिष्टं जोडली गेली: कारखाना कसा असावा याचं एक, चालणाऱ्या रंगांचं एक, कोणत्या वस्तूला कोणतं भारतीय मानक लागू याचं एक.

या नियमांतली एक अट मात्र मुद्दाम वाचण्यासारखी आहे. प्रसाधनाच्या कारखान्यात देखरेखीला एक पूर्णवेळ जाणकार माणूस हवा. त्याची पात्रता कोणती? फार्मसीची पदविका, किंवा फार्मासिस्ट म्हणून नोंदणी, किंवा रसायनशास्त्र हा विषय घेऊन इंटरमीजिएट, म्हणजे आजच्या हिशेबाने बारावी, उत्तीर्ण. वर्षानुवर्षं हीच अट चालली. औषधविक्रेत्याला १९४८ च्या कायद्याने परिषद मिळाली, नोंदवही मिळाली, नोंदणी रद्द होण्याची भीतीही मिळाली. लिपस्टिक घडवणाऱ्याला यातलं काहीच नाही. तिकडे नागपूरच्या एलएडी महाविद्यालयात मुली प्रसाधन तंत्रज्ञानाची पदवी घेत होत्या. नियमांच्या लेखी त्यांच्या पदवीची आणि बारावीच्या गुणपत्रिकेची किंमत सारखीच. मला विचाराल तर या व्यवसायाची सगळी दुखणी इथून सुरू होतात. चुकीबद्दल ज्याचं नाव कुठेच लागत नाही, त्याच्या शहाणपणालाही फारसा मान मिळत नाही.

तरीही या लोकांनी एक मोठं काम केलं, आणि ते मानकांच्या समित्यांमध्ये. आधी आयएसआय आणि नंतर बीआयएस या मानकं ठरवणाऱ्या संस्थांच्या प्रसाधन समितीत कंपन्यांचे रसायनतज्ज्ञ, सरकारी प्रयोगशाळांतली माणसं आणि ग्राहकांचे प्रतिनिधी एका टेबलाला बसत आले. आयएस ४७०७ हे मानक तिथूनच आलं: एका भागात चालणारे रंग, दुसऱ्यात असुरक्षित मानलेले घटक. रंगांत शिसं २० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत २० भागांच्या, वर नको, आर्सेनिक २ पीपीएमच्या वर नको, हे आकडे तिथले. आणि गंमत म्हणजे परदेशी पुस्तकांत ज्यांचा पत्ताच नव्हता, अशा आपल्या वस्तूंवरही या समितीने विचार केला. कुंकू, द्रव टिकली, मेंदी यांची स्वतंत्र मानकं आहेत. हळदीला चुन्याची निवळी लावून केलेलं कुंकू आणि कुठलातरी लाल रंग मिसळलेली पिंजर यांतला फरक आजी बोटाला लावून सांगायची. मानकात तो प्रयोगशाळेच्या भाषेत आला. पंढरपूरच्या बाजारात ढिगांनी मांडलेल्या कुंकवाला मात्र या मानकाने कितपत गाठलं, ते तिथे एकदा हिंडून आलं की कळतं.

समितीची मर्यादाही टिकलीच्याच बाबतीत दिसली. बायकांच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरे डाग पडू लागले, त्याचं कारण त्वचारोगतज्ज्ञांनी शोधलं. टिकली चिकटवायच्या गोंदातला पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल त्वचेतल्या रंगपेशी मारत होता. १९९० च्या आसपास हे वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलं. टिकली करणाऱ्यांच्या बाजूने कुणी आधी बोललं नाही, कारण टिकलीच्या कारखान्यात गोंद हा खरेदी विभागाचा विषय असतो.

अपघात दुसरीकडे आणि नियम इकडे, याचं आणखी एक उदाहरण: फ्रान्समध्ये १९७२ साली ‘तालक मोरांज’ या बाळांच्या पावडरीत चुकून सहा टक्के हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक गेलं आणि ३६ बालकं दगावली. त्याचा धडा जगभरच्या नियमांत उतरला, आपल्याकडेही. युरोपचं पहिलं सामायिक प्रसाधन फर्मान १९७६ चं.

आपल्याकडे त्या काळात वेगळाच खटला रंगत होता. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली परळमध्ये सुरू केलेल्या विकोची हळदीची क्रीम घरोघरी पोचली होती. ही क्रीम प्रसाधन की औषध? सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अबकारी खात्याने हा प्रश्न काढला. प्रसाधनं तेव्हा चैनीची वस्तू, त्यांच्यावरचं शुल्क जबर. आयुर्वेदिक औषधाला सवलत. कंपनीकडे आयुर्वेदिक औषधाचा परवाना होता. जाहिरातीच्या गाण्यातही आपण कॉस्मेटिक नाही असं ती सुरात बजावत होती. कराच्या वादातली बाजू रेडिओवर गाऊन मांडणारी दुसरी कंपनी मला तरी माहीत नाही. प्रकरण ठाण्याच्या न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेलं. जवळपास पाव शतक हा वाद चालला आणि कंपनी जिंकली. नागपूरच्या प्यूमा आयुर्वेदिक हर्बलचा असाच दावा २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. या दाव्यांतून दोन कसोट्या घट्ट झाल्या: घटक आयुर्वेदाच्या प्रमाण ग्रंथांत आहेत का, आणि सामान्य माणूस ती वस्तू काय समजून घेतो. क्रीममध्ये हळदीचा अर्क किती, तो त्वचेत कुठवर जातो, सहा महिन्यांनी त्यातला किती टिकतो, हे प्रश्न या कसोट्यांत बसत नाहीत. प्रयोगशाळेतल्या माणसाला तिथे सांगण्यासारखं फारसं नव्हतंच.

या मालिकेतला कळसाचा खटला खोबरेल तेलाचा. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल हे करासाठी खायचं तेल की केसांचं? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की, तेल खाद्यतेलाच्या मानकात बसत असेल आणि त्यावर केसांचं तेल असं लिहिलेलं नसेल, तर बाटली छोटी आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही. कोकणातल्या कुठल्याही आजीने हे पहिल्याच तारखेला सांगितलं असतं: तेच तेल आमटीत आणि तेच वेणीत. मजा पुढे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले, खाद्यतेलाप्रमाणे केसांचं तेलही १८ वरून पाच टक्क्यांवर आलं, आणि एवढ्या वर्षांच्या भांडणाचा जीवच गेला.

दरम्यान नियम हळूहळू प्रौढ होत होते. आयात प्रसाधनांची नोंदणी २०१३ पासून सक्तीची झाली. २०१४ मध्ये प्राण्यांवरच्या चाचण्या बंद झाल्या, आणि त्याच वर्षी तशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही बंदी आली. १५ डिसेंबर २०२० रोजी प्रसाधनांना औषधांपासून वेगळे, स्वतःचे नियम मिळाले; कायदा मात्र अजून तोच, १९४० चा. अमेरिकेनेही १९३८ नंतर प्रसाधनांच्या कायद्यात मोठा बदल केला तो थेट २०२२ च्या अखेरीस, त्यामुळे आपणच तेवढे सुस्त असं नाही. युरोपने मात्र एक गोष्ट केली जी मला सगळ्यात मोलाची वाटते. २००९ च्या, २०१३ पासून लागू झालेल्या नियमनात प्रत्येक प्रसाधनाचा सुरक्षा अहवाल सक्तीचा आहे, आणि त्याखाली पात्र माणसाची नावानिशी सही लागते. पात्रता म्हणजे औषधशास्त्र, विषशास्त्र, वैद्यक किंवा तशा विषयातलं विद्यापीठीय शिक्षण. सही केली की तो माणूस बांधला गेला. मालक म्हणाला म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह वाढवला, असं त्याला पुढे म्हणता येत नाही. आणि मालकालाही त्याला डावलता येत नाही.

सही करणारं कुणी नसलं, की सगळा भार परवाना देणाऱ्या खात्यावर आणि नमुन्यावर येतो. मुलुंडच्या कारखान्यातल्या जॉन्सन बेबी पावडरचं प्रकरण त्याचं उदाहरण. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये नमुने घेतले. बाळांच्या पावडरीचा पीएच मानकानुसार साडेपाच ते आठच्या दरम्यान हवा. एका नमुन्यात तो नऊच्या वर निघाला. बाळाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तेव्हा हा आकडा क्षुल्लक नव्हे. पण परवाना रद्द झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. मधल्या काळात तोच कारखाना पावडर करत होता आणि तीच बाळांना लागत होती. कंपनी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ताजे नमुने तीन प्रयोगशाळांत तपासायला लावले, ते उत्तीर्ण झाले. जानेवारी २०२३ मध्ये खात्याचे आदेश रद्द झाले. पावडर वाईट होती की चांगली, याचं धड उत्तर यातून मिळत नाही. धोका असेल तर चार वर्षांचा उशीर अक्षम्य, धोका नसेल तर परवाना रद्द करणं अति. २०१८ ची ती बॅच ज्याने पास केली, त्याला मोकळेपणाने विचारलं असतं तर कदाचित आठवड्यात उलगडा झाला असता. पण असं विचारायची आणि त्यालाही सांगता येईल अशी जागाच या व्यवस्थेत नाही.

पाऱ्याचंही तसंच. त्वचा उजळ दिसावी म्हणून पारा घालणं जुनंच. तो मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला रोखतो आणि मूत्रपिंडाला मारतो. आपल्या नियमांत तो केव्हाच निषिद्ध आहे. अपवाद एवढाच: डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत ७० पीपीएम, इतरत्र नकळत आलेला असेल तर एक पीपीएम, यापलीकडे नाही. पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ मध्ये ठरवलं की २०२५ नंतर पारा घातलेलं एकही प्रसाधन नको. त्याच सुमारास केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांनी दोन वर्षांतले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत दुर्मिळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावणारे निघाले. अकोल्यातल्या एकाच घरातल्या काही जणींचीही मूत्रपिंडं अशाच एका क्रीमने बिघडली, आणि क्रीममधला पारा मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघड झाला. दोन्हीकडे शोध लावला तो मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी. हा सगळा माल मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांतून येत नाही; बिननावाच्या डब्यांतून, सौंदर्यगृहांतून आणि कुरिअरने येतो. पण तोही कुणीतरी शिजवतोच. त्या माणसाला क्रीम कशी फुटते आणि कशी धरते हे पक्कं ठाऊक असतं. पाऱ्याचा क्षार किती घातला की आठवड्यात फरक दिसतो, हेही.