रूट कॅनालनंतरची पहिली रात्र

सकाळी नऊ. लक्ष्मी रोडवरची दुकानं अजून उघडायची असतात, तेव्हा नारायण पेठेतल्या आमच्या दवाखान्यात ऑटोक्लेव्ह लागतो : 121 अंश, 15 पौंड दाब, 20 मिनिटं. तेवढ्या वेळात मी काल रूट कॅनाल केलेल्यांना फोन करून घेते. नंतरचं दुखणं बहुधा पहिल्या 24 तासांत सर्वांत जास्त असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतं आणि आठवड्याभरात बहुतेकांचं थांबतं. म्हणून हा फोन चुकवायचा नाही. कालचे काका सांगतात, ‘‘रात्री एक गोळी घेतली. आता फक्त चावताना कळतंय.’’ ठीक आहे, एवढं अपेक्षितच होतं.

दहाला शेजारच्या बोळातल्या काकू येतात. खालची पहिली दाढ, कित्येक रात्री झोप नाही. ‘‘नस काढली की सुटले ना हो मी, डॉक्टर?’’ इथे गोड बोलून चालत नाही. दाढ आधी जितकी ठणकते, तितकी ती नंतरही दुखण्याची शक्यता जास्त. उपचारानंतरच्या वेदनेचा सर्वांत भरवशाचा अंदाज आधीच्या वेदनेवरूनच बांधता येतो. काकूंना हे आधी सांगितलं की रात्री दाढ दुखली तरी त्या घाबरत नाहीत.

भूल चढते, दाढेभोवती रबर डॅमचा पडदा बसतो. खालच्या दाढेत बहुधा तीन कॅनाल असतात, त्यांतले पुढच्या मुळातले दोन वाकडे. दहा नंबरची फाईल, म्हणजे कॅनाल खरवडायची बारीक सळी, आत जाते. तिच्या टोकाची जाडी 0.10 मिलिमीटर. अ‍ॅपेक्स लोकेटर लांबी दाखवतो. मुळाच्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबायचं. उद्याचं दुखणं इथूनच ठरायला लागतं.

फाईल खरवडते तेव्हा दाताचा भुगा, नसेचे तुकडे आणि जंतू सुटतात. त्यातला थोडा भाग टोकाबाहेर, हाडापर्यंत ढकलला जातो. तिथे शरीर सूज आणून उत्तर देतं, आणि हाडात सुजेला पसरायला जागा नसते. हा कचरा अजिबात बाहेर न ढकलणारी पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही. किती ढकलला जातो, यात मात्र खूप फरक पडतो. स्टीलची हातफाईल वरखाली घासण्याची जुनी पद्धत पिचकारीच्या दट्ट्यासारखी चालते. फाईल खाली जाताना दर वेळी थोडा कचरा पुढे सरकतो. 1985मध्ये रोन आणि सहकाऱ्यांनी फाईल घासण्याऐवजी आलटून पालटून फिरवायची पद्धत मांडली. 1988मध्ये वालिया आणि सहकाऱ्यांनी दात सरळ करायच्या निकेल-टायटॅनियम तारेपासून फाईल बनवली. ती वाकड्या मुळात सहज वळते. आज अशा फाईली मोटरवर मिनिटाला साधारण 300 फेऱ्यांनी फिरतात आणि त्यांचे पीळ भुगा वर आणतात. आधी वरचा भाग मोकळा करून मग खाली उतरलं, तर टोकाकडे ढकलायला कचराच कमी उरतो.

हातफाईलपेक्षा फिरत्या फाईलनंतर दुखणं कमी राहतं, याकडे अभ्यासांचे एकत्रित आढावे बोट दाखवतात. पुढे-मागे झोके घेणाऱ्या फाईलीबद्दल तसं एकमत नाही. 2008मध्ये यारेद यांनी अशा एकाच फाईलने जवळजवळ सगळं काम होतं हे मांडलं, वेळ वाचतो. पण वेदनेच्या बाबतीत काही अभ्यास तिला डावं ठरवतात, काहींना फरकच दिसत नाही. माझं मत विचाराल तर मोटर कुठल्या कंपनीची यापेक्षा हात कुठे थांबतो हे मोठं. लांबी चुकवून टोकाबाहेर गेलेली महागडी फाईल, योग्य जागी थांबलेल्या साध्या फाईलपेक्षा जास्त त्रास देते.

प्रत्येक फाईलनंतर धुवायचं. सोडियम हायपोक्लोराइट, बाजूला भोक असलेली सुई, ती कुठेही अडकू न देता, अगदी हळू. शेवटी चावा तपासून काकूंच्या दाढेचा माथा किंचित घासून उतरवते. आधीपासून ठोकल्यावर दुखणाऱ्या दाढेला याने नंतर आराम पडतो.

साडेअकराला एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी. लहानपणी मार लागलेला पुढचा दात, नस कधीच मेलेली. दुखत काहीच नाही, म्हणून तिला एकाच बैठकीत संपवायचंय. परीक्षा तोंडावर आहे. पण कॅनालमधून पू येणं थांबत नाही. अशा दातातला कचरा जंतूंनी भरलेला असतो आणि तो बाहेर गेला तर शांत दातही एका रात्रीत उसळतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून, तात्पुरतं सिमेंट लावून तिला पुढच्या आठवड्यात बोलावते. ती नाराज होऊन जाते. तरी निर्णय बदलत नाही.

एक ते चार बंद.

संध्याकाळी गर्दी असते, आणि फाईली पुन्हापुन्हा वापरण्याचा मोहही असतो. निकेल-टायटॅनियमचा थकवा डोळ्यांना दिसत नाही. फाईल आतच तुटते आणि मूळ पूर्ण साफ होत नाही. हाताखालच्या तरुण डॉक्टरला हे मी सारखं सांगते : शंका आली की फेकायची.

साडेआठला काकूंचा फोन. भूल उतरली, दाढ ठणकतेय. आयबुप्रोफेन त्यांना चालतं हे सकाळीच विचारून ठेवलेलं असतं. जेवून घ्या, काकू, आणि आज त्या बाजूने चावू नका.

तुमचीही दाढ अशी दुखली तर दोन-तीन दिवस धीर धरा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः किडनीचा, आम्लपित्ताचा त्रास किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर. घरात उरलेली अँटिबायोटिक घेऊ नका, नुसत्या दुखण्यावर तिचा उपयोग नाही. पण गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा.